कंपनी उद्या बंद पडली तर?

सवा लाखाची इलेक्ट्रिक सायकल पंचाहत्तर हजारांत मिळते आहे, असं कुणी सांगितलं की आपलं डोकं लगेच त्या वरच्या पन्नास हजारांभोवती फिरू लागतं. ते पन्नास हजार आपल्या खिशात कधी नव्हतेच आणि ती सायकल सवा लाखाला आपण कधी घेतलीही नसती; तरी ते ‘वाचले’ याचा आनंद मात्र अगदी खरा असतो. दुकानदारही त्याच आकड्यावर बोट ठेवून बोलतो. या प्रकरणात त्या पन्नास हजारांकडे पाठ फिरवून उरलेल्या पंचाहत्तर हजारांकडे बघायचं आहे. ते कशाकशाचे जातात आणि पाच-सात वर्षांनी त्यातलं काय हातात राहतं?

उदाहरणाला गाव घेऊ म्हैसूर आणि मोहल्ला अग्रहार. राजवाड्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावरचा हा जुना भाग. वाणीविलास मार्केट, रामानुज रोड, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत गाडी उभी करायला जागा नाही. देवराज मार्केट, रेल्वे स्टेशन, मानसगंगोत्रीचा विद्यापीठ परिसर हे सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत. सायकलीसाठी याहून सोयीचं शहर दक्षिणेत सापडणं कठीण. ४ जून २०१७ रोजी म्हैसूरमध्ये ‘ट्रिन ट्रिन’ नावाची सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, तीही ४५० सायकली घेऊन. तेव्हा देशातल्या बहुतेक महापालिका अशा योजनांचे नुसते आराखडेच काढत होत्या. शहर तसं सपाट, हवा बरी. चढ म्हणाल तर दक्षिणेला दिसते ती चामुंडी टेकडी. तिच्याकडे आपण पुढे जाणारच आहोत.

आता समजा, या अग्रहारात राहणारं एक साठीचं जोडपं आहे. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण सायकल सोडवत नाही. अशा घरात नावाजलेल्या ब्रँडची, सवलतीतली इलेक्ट्रिक सायकल येऊ घालते. कधी बंगळुरूच्या दुकानातून, कधी मुलाच्या ‘बाबा, इकडे निम्म्या किमतीत मिळतेय, पाठवू का?’ या फोनवरून.

सर्वांत आधी कायद्याची बाजू, कारण ती दोन मिनिटांत उरकते. आपल्याकडे मोटारची क्षमता २५० वॅटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मोटारची मदत थांबत असेल, तर पॅडलवाल्या इलेक्ट्रिक सायकलीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. अमेरिकेत मात्र ७५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणाऱ्या सायकलीही सायकल म्हणूनच विकल्या जातात. तिथली भारी सायकल इथे रस्त्यावर आणली की ती कायद्याच्या नजरेत मोटारवाहन ठरते, तेही नोंदणी नसलेलं. तेव्हा तिकडून येणारी गाडी या पहिल्याच गाळणीत अडकू शकते. युरोपातली साधी इलेक्ट्रिक सायकल साधारण आपल्याच मर्यादेत बसते.

आता मुख्य गोष्ट. ती समजून घ्यायला म्हैसूरच्याच एका जुन्या कारखान्यात जाऊ.

यादवगिरीत ‘आयडियल जावा’चा कारखाना होता. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीशी करार करून तो उभारला आणि १९६१ मध्ये तिथून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच गाड्या ‘येझदी’ नावानं विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. देणी, कामगारांचे पैसे, अवसायन, जे जे बंद कारखान्याच्या वाट्याला येतं ते सगळं झालं. पण म्हैसूरमध्ये फिरताना आजही एखाद्या गल्लीतून ती ओळखीची टुक्-टुक् ऐकू येते. पन्नास-साठ वर्षांची गाडी, कंपनी नाही, डीलर नाही, वॉरंटीचं नावही नाही. आणि गाडी चालते आहे.

चालते, कारण तिच्यात कुलूपबंद असं काही नाही. एका सिलिंडरचं २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. किक मारायची आणि गिअर बदलायची दांडी एकच: आत दाबून मागे फिरवली की किक, पुढे आणली की गिअर. पिस्टनच्या रिंगा लेथवर जमवता येतात, क्लचप्लेटचं कॉर्क कापून बसवता येतं, कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा लावता येतो. मेकॅनिकला कंपनीकडून काहीच विचारावं लागत नाही. गाडी उघडली की ती स्वतःच सगळं सांगते.

आणि नावाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ‘जावा’ हे नाव २०१८ मध्ये परत आलं, ‘येझदी’ २०२२ मध्ये. महिंद्रा समूहाचा हात असलेल्या क्लासिक लेजेंड्स या कंपनीनं ती नावं बाजारात आणली. गाड्या बनू लागल्या मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला. येझदी या नावावर हक्क कुणाचा, यावरून कर्नाटक उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. म्हणजे नाव हे कारखान्यापासून, कामगारांपासून, अगदी गावापासूनही सुटं करून विकता येतं. टाकीवरची अक्षरं तीच. त्यांच्यामागचे हात वेगळे. ब्रँडच्या जोरावर काही विकत घेताना म्हैसूरकराइतका सावध माणूस दुसरा कुणी नसावा.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट, ॲमस्टरडॅमची.

टाको आणि टीस कार्लिए या दोन भावांनी २००९ मध्ये ‘व्हॅनमूफ’ सुरू केली. सरळ रेषेतली सुबक फ्रेम, तारा दिसत नाहीत, दिवे फ्रेमच्याच आत, कुलूप मागच्या चाकाच्या आसातच बसवलेलं आणि ते उघडायचं फोनवरच्या ॲपनं. २०२० मध्ये त्यांनी दोन हजार युरोंच्या आत नवी सायकल आणली आणि करोनाच्या काळात ती जगभर गाजली. बॅटरी फ्रेमच्या पोटात. ती चालवणाऱ्याला काढता येत नसे. सुटे भाग बहुतेक सगळे स्वतःच्या घडणीचे, बाजारात दुसरीकडे न मिळणारे. कंपनी विकत होती तोट्यात आणि दुरुस्तीचा खर्च फुगत होता. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या न्यायालयानं तिला दिवाळखोर ठरवलं.

त्या आठवड्यात ग्राहकांना एक विचित्र भीती वाटली. सायकलीचं कुलूप उघडायची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येते. सर्व्हर बंद पडला तर? दारात उभी असलेली, पूर्ण पैसे मोजलेली, तंदुरुस्त सायकल निव्वळ लोखंड होईल. शेवटी काउबॉय या बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी कंपनीनं घाईघाईनं एक ॲप काढलं, ज्यातून लोकांना आपापली किल्ली आधीच उतरवून ठेवता येई. प्रतिस्पर्ध्यानं ग्राहकांना वाचवावं, असे प्रसंग धंद्यात क्वचित. ऑगस्टच्या अखेरीस मॅकलॅरेन अप्लाइडच्या ‘लाव्वा’ या शाखेनं कंपनी विकत घेतली आणि नाव जगलं. पण जुन्या ग्राहकांची वॉरंटी नव्या मालकानं अंगावर घेतली नाही. दिवाळखोरीनंतर या सायकली जुन्या बाजारात पडत्या भावानं आल्या. ज्याला ही कथा ठाऊक नव्हती त्याला ती लॉटरी वाटली असणार.

जावा बंद पडली १९९६ मध्ये, व्हॅनमूफ २०२३ मध्ये. पहिलीच्या ग्राहकाचं गॅरेजवाल्यावर निभावलं, दुसरीच्या ग्राहकाला आधी किल्लीचीच भ्रांत पडली. सवलतीतली भारी इलेक्ट्रिक सायकल घ्यावी की नाही, याचा निकाल मला विचाराल तर या एका फरकावर लागतो. सवलत किती हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा: ही कंपनी उद्या बंद पडली, किंवा तिनं हा धंदा सोडला, तर ही गाडी जावासारखी जगेल की व्हॅनमूफसारखी अडकेल?

आणि धंदा सोडणं ही काही दूरची शक्यता नाही. नाव जितकं मोठं तितकं त्याला हा छोटा धंदा सोडून देणं सोपं. हार्ले-डेव्हिडसननं २०२० मध्ये ‘सीरियल १’ नावानं इलेक्ट्रिक सायकली आणल्या, वेगळी कंपनी काढली आणि २०२३ मध्ये ती दुसऱ्याला विकून टाकली. मोटारसायकली विकणाऱ्या हार्लेला त्यानं काही फरक पडला नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये सलमान खानच्या ‘बीइंग ह्यूमन’ या नावाच्या इलेक्ट्रिक सायकली बाजारात आल्या होत्या, ४० हजार आणि ५७ हजारांच्या घरात. त्या काळी ती रक्कम एका नव्या स्कूटरच्या जवळपास जात होती. टी-शर्टवरचं नाव सायकलीवर आलं होतं. टी-शर्ट विटला तर दुसरा घेता येतो. सायकलीची बॅटरी गेली तर तिचा नेमका जोड कुणाकडे मागायचा हे नाव सांगत नाही.

सवलतीमागं काय असतं, तेही थोडक्यात सांगून टाकतो. २०२०-२१ मध्ये जगभर सायकली अपुऱ्या पडल्या. कंपन्यांनी दुप्पट-तिप्पट मागण्या नोंदवल्या, माल पोहोचेपर्यंत लोक पुन्हा गाड्यांत बसून कामाला जाऊ लागले आणि युरोप-अमेरिकेतली गोदामं भरून राहिली. मग सुरू झाल्या त्या तीस-चाळीस-पन्नास टक्क्यांच्या सवलती. यात फसवणूक काही नाही. माल खरोखर चांगला असतो आणि खरोखर स्वस्त होतो. फक्त तो गोदामात किती काळ होता, हे फलकावर लिहिलेलं नसतं. फ्रेमला, चाकाला, ब्रेकला त्यानं काही होत नाही. बॅटरीला होतं.

म्हणून आता बॅटरी उघडून बघू. साधारण सायकलीत ३६ व्होल्टची बॅटरी असते. बाहेरचं प्लॅस्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं आवरण काढलं की आत पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि थोडे उंच असे गोल सेल रांगेनं उभे दिसतात: १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर उंचीचे. एकेक सेल ३.६ व्होल्टचा. असे दहा एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात. अशा चार ओळी समांतर जोडल्या की एकूण चाळीस सेल. त्यांच्या डोक्यांवर निकेलच्या पातळ पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि एका बाजूला दोन बोटं रुंदीची हिरवी पट्टी, जिच्यावर बारीक सुटे भाग खचाखच बसवलेले. ही पट्टी बॅटरीची राखणदार. कुठला सेल जास्त भरला, कुठला रिता झाला, कुठे तापमान चढलं, हे ती बघते आणि शंका आली की वीज तोडते. महागड्या ब्रँडांत हीच पट्टी मोटारशी सांकेतिक भाषेत बोलते. ओळख पटली नाही तर मोटार हलत नाही. चोरी रोखायला आणि निकृष्ट बॅटरीपासून आग लागू नये म्हणून हे केलं जातं, आणि ते कारण खोटं नाही. पण त्याच कारणानं बंगळुरूच्या एस. पी. रोडवर उत्तम सेल मिळत असूनही त्या बॅटरीत नवे सेल भरून घेणं कुणाला जमत नाही. जमवलंच तर राखणदार रुसून बसतो.

बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते. एक वापरानं: भरली-रिकामी केली, भरली-रिकामी केली, असे साधारण पाचशे ते हजार फेरे झाले की तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते. दुसरं म्हणजे नुसत्या काळानं. गाडी हलवली नाही तरी आतली रासायनिक झीज चालूच राहते; पूर्ण भरून ठेवली आणि उष्णता असेल तर जास्त वेगानं. म्हैसूर समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास असल्यानं तिथला उन्हाळा बॅटरीला मानवतो. नागपूरकरांनी हे वाचून हळहळावं, दुसरं काय.

अग्रहारातल्या माणसाच्या दृष्टीनं यातला कुठला म्हातारपणा आधी येतो? दहा अँपिअर-तासांची ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पाय मारत चालवलं तर किलोमीटरला दहा वॅट-तास पुरतात, म्हणजे एका चार्जमध्ये पस्तीसेक किलोमीटर. सहाशे फेरे धरले तरी वीस हजार किलोमीटर होतात. मार्केट, देऊळ, विद्यापीठातलं वाचनालय, बँक असं करून रोज दहा किलोमीटर झाले, तर वर्षाचे तीन-साडेतीन हजार. म्हणजे वापरानं ती झिजायला सहा वर्षं लागतील. तोवर वयानं ती तशीही थकलेली असेल. छोट्या शहरात, छोट्या अंतरांवर इलेक्ट्रिक सायकलीची बॅटरी वापरानं मरत नाही, वयानं मरते. आणि तिचं वय दुकानातल्या बिलाच्या तारखेपासून मोजलं जात नाही, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मोजलं जातं. दोन वर्षं गोदामात राहिलेली सायकल म्हणजे बॅटरीच्या आयुष्याचा एक चांगला तुकडा आधीच खर्च झालेली सायकल. मिळालेल्या सवलतीचा काही भाग तर तिथेच वसूल होऊन गेलेला असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे शोरूममध्ये शोभेला ठेवलेली सायकल. कुणी ती चार्ज करत नाही. हिरवी पट्टी जागी राहायला थोडी थोडी वीज खातच असते. महिन्यामागून महिने गेले की सेलचा दाब इतका खाली जातो की आत तांबं विरघळू लागतं आणि तो सेल पुन्हा भरणं धोक्याचं होतं. अशी बॅटरी चार्जर लावल्यावर हूं की चूं करत नाही. केलीच कुणी जबरदस्तीनं जिवंत, तर ती घरात ठेवू नये. अग्रहारातल्या घरांत बॅटरी काढून आत आणूनच चार्ज करावी लागते, बहुधा देवघराच्या शेजारच्या प्लगवर. तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परदेशातून मुलानं पाठवायचं म्हणाल तर आणखी एक अडचण आहे. विमानानं प्रवास करताना प्रवाशाला जवळ बाळगता येणारी लिथियम बॅटरी साधारण १०० वॅट-तासांपर्यंतची. विमान कंपनीची परवानगी काढली तर १६०. सायकलीची बॅटरी असते तीनशे, पाचशे, सहाशेची. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहतुकीनं पाठवायलाही २०१६ पासून बंदी आहे. म्हणजे सायकल कशीबशी आली तरी चार-पाच वर्षांनी ‘येताना एक बॅटरी घेऊन ये रे’ असं सांगून भागत नाही. लोणच्याची बरणी येते, बॅटरी येत नाही. युरोपात नामवंत कंपनीच्या पाचशे वॅट-तासांच्या बॅटरीला सहाशे ते आठशे युरो पडतात, हे वेगळंच.

आता चामुंडी. नावाजलेल्या सायकलीच्या बाजूनं बोलायचं तर ते इथे बोललं पाहिजे, कारण फरक खरा दिसतो तो चढावर. शहरातून माथ्यापर्यंत साधारण तीनशे मीटर चढायचं. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर एवढं वजन वर न्यायला लागतात ७८ वॅट-तास. रस्त्याचं घर्षण आणि मोटारची वाया जाणारी उष्णता धरून सव्वाशे-दीडशे. म्हणजे पाय अजिबात न मारताही साध्या बॅटरीत टेकडी बसते. प्रश्न ऊर्जेचा नाहीच, मोटारचा आहे. स्वस्त सायकलीत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यात असते. सपाटीवर ती छान चालते. चढावर चाक हळू फिरू लागलं की ती आपल्या सोयीच्या वेगाखाली जाते आणि वीज ओढून ताकदीऐवजी उष्णता देऊ लागते. भारी सायकलीत मोटार पॅडलच्या आसापाशी असते आणि तिचा जोर साखळीतून, गिअरमधून चाकाकडे जातो. खालचा गिअर टाकला की मोटार आपल्या मजेत फिरत राहते आणि सायकल चढत राहते. शिवाय पायाचा दाब मोजणारा सेन्सर असल्यानं मदत तुमच्या जोराच्या प्रमाणात येते; धक्का बसत नाही. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना हा फरक पहिल्या शंभर मीटरांत कळतो. आणि उतरताना द्रवदाबावर चालणारे डिस्क ब्रेक काय असतात तेही कळतं.

पण दर रविवारी चामुंडीला जाणारी माणसं किती आणि वाणीविलास मार्केटातून पालेभाजी आणणारी किती?

पैशाचा हिशेब करायचा तर विजेपासून सुरुवात करून उपयोग नाही, कारण ती जवळपास फुकट आहे. वर्षाला तीन-साडेतीन हजार किलोमीटरला पस्तीस-चाळीस युनिट. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेत दोनशे युनिटांपर्यंतच्या घरगुती वापराला, घराच्या आधीच्या सरासरीच्या मर्यादेत, बिलच येत नाही. चामुंडेश्वरी वीज निगमच्या बिलावर तुमची सायकल दिसणारसुद्धा नाही. त्याच अंतराला स्कूटरला सत्तर-पंचाहत्तर लिटर पेट्रोल लागलं असतं, म्हणजे लिटरला शंभराच्या वरच्या भावानं सात-साडेसात हजार रुपये. ही झाली वर्षाची बचत. आणि ती साध्या सायकलीवर होते तेवढीच भारी सायकलीवर होते. पेट्रोलच्या बचतीतून भारी सायकलीचं समर्थन होऊ शकत नाही. ज्या दुकानात ते केलं जातं तिथे जरा खाकरून गप्प बसावं.

खरा हिशेब दोन सायकलींमधला. आकडे समजुतीपुरते धरू. एक देशी सायकल ३५ हजारांची. आठ वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल, १४ हजार. एकूण ४९. दुसरी, आपली सवलतीतली, ७५ हजारांची. तिला नवी बॅटरी मिळते असं धरलं तर २८ हजार. एकूण एक लाख तीन. फरक ५४ हजारांचा, म्हणजे आठ वर्षांत महिन्याला साडेपाचशे रुपये. चांगले ब्रेक, पॅडलपाशी मोटार, हलकी फ्रेम आणि मन प्रसन्न करणारा रंग यांसाठी महिना साडेपाचशे जास्त आहेत का? मला नाही वाटत. ज्याला रोज सायकल चालवायची आहे त्यानं ते खुशाल द्यावेत. मोबाइलच्या हप्त्यात यापेक्षा जास्त जातात. पण या सगळ्या गणितात ‘नवी बॅटरी मिळते असं धरलं तर’ हे सहा शब्द आहेत. ते खोटे निघाले तर आठ वर्षांची सायकल चार वर्षांची होते, पुढे ती पंचवीस किलोची, ढकलायला जड, नुसती सायकल उरते आणि हिशेब पार उलटतो.

म्हणून दुकानात गेल्यावर किमतीबद्दल घासाघीस करण्याआधी खोका मागावा. आयात केलेल्या किंवा बंद खोक्यातून विकल्या जाणाऱ्या मालावर बनवल्याचा महिना-वर्ष, मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापणं आपल्या वजनमाप कायद्याखाली बंधनकारक आहे. बॅटरीवर वेगळा अनुक्रमांक असतो, बऱ्याचदा तारीखही. ती तारीख दीड वर्षापेक्षा जुनी असेल तर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मिळणार हे बिलावरच लिहून घ्यावं. मोटार कुणाची आहे हे विचारावं. बॉश, शिमानो, यामाहा, बाफांग यांच्यासारखी, इतर कंपन्याही वापरतात अशी मोटार असेल तर ब्रँड गेला तरी मोटारवाला उरतो. सीरियल १ मध्ये जर्मनीच्या ब्रोझे कंपनीची मोटार होती, त्यामुळे हार्लेनं हात झटकल्यावरही त्या सायकली अगदीच पोरक्या झाल्या नाहीत. मोटारवर ब्रँडचंच नाव असेल आणि बनवणारा कोण हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तिथे थांबावं. ॲपशिवाय सायकल सुरू होते का, हे फोन बंद करून, समोर करून दाखवायला सांगावं. आणि बॅटरी किल्लीनं काढता येते का ते स्वतः काढून बघावं. अग्रहारातल्या घरात सायकल पायऱ्या चढवून प्लगपर्यंत नेता येत नाही.

बॅटरीची तब्येत तपासायला मल्टिमीटर पुरतो असं काहीजण सांगतात. पूर्ण भरलेली ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते, हे खरं. पण थकलेली बॅटरीही पूर्ण भरल्यावर ४२ दाखवते. दाब कळतो, साठा कळत नाही. साठा बघायचा तर प्लगला लावायचं छोटं वीजमीटर मिळतं, हजारेक रुपयांत. बॅटरी पूर्ण रिकामी करून चार्जर त्या मीटरमधून लावावा. ३६० वॅट-तासांची धडधाकट बॅटरी चार्जरमधली गळती धरून भिंतीतून चारशेच्या आसपास घेईल. पावणेतीनशेवरच दिवा हिरवा झाला तर तिसरा हिस्सा गेलेला आहे, मग सायकल कागदोपत्री कितीही कोरी असो. चांगला दुकानदार यासाठी एक रात्र देतो. ‘सर, कंपनी मोठी आहे, काळजी करू नका’ म्हणणारा देत नाही, आणि त्याचं ते न देणं हेसुद्धा एक उत्तरच.

माझं मत विचाराल तर असं: नव्या बॅटरीचा आजचा भाव आणि ती म्हैसूरला किंवा निदान बंगळुरूला कोण देणार हे दुकानदारानं कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, मोटार ओळखीच्या कारखान्याची निघाली आणि सायकल फोनशिवाय सुरू झाली, तर पंचाहत्तर हजार द्या, सौदा चांगला आहे. यातलं एकही जमलं नाही, तर त्या सायकलीची किंमत चांगल्या गिअरवाल्या साध्या सायकलीएवढी, म्हणजे पंचवीस-तीस हजार धरा. तेवढ्यात तो देत असेल तर घ्या, नाहीतर देशी सायकल घेऊन घरी या.